शेवटचा अल्बम आणि शेवटचा निर्णय

पुण्यात ध्वनिमुद्रणाचे शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला लेखी विचारले आहे की, बँड आणि गायक-संगीतकार यांचे शेवटचे अल्बम इतके थोर का वाटतात. ती थोरवी खरोखर संगीतात असते, की कलाकार गेल्याच्या दुःखातून आपणच ती त्यात पाहतो. आणि या दोन गोष्टी वेगळ्या करून ऐकायचे असेल तर कोणते अल्बम, कशाकडे लक्ष ठेवून ऐकावेत. एरंडवण्यातल्या माझ्या छोट्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणांचे संपादन आणि मास्टरिंगचे, म्हणजे प्रकाशनापूर्वी ध्वनीवर अखेरचा हात फिरवण्याचे, काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, त्यामुळे उत्तरही त्याच कामाच्या अंगाने देतो.

माझे मत आधीच मांडतो. शेवटच्या अल्बमची थोरवी ओळखण्याची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे त्यातले निर्णय कोणाचे आहेत, ही. कोणता टेक, म्हणजे गाण्याचे कोणते मुद्रण, ठेवायचा, कोणते गाणे गाळायचे, गाण्यांचा क्रम कसा लावायचा, आवाजावर किती संस्कार करायचे आणि गाणे नेमके कुठे तोडायचे, हे जिथे कलाकाराने स्वतः ठरवले, तिथे प्रकृती ढासळलेली असो, आवाज फाटलेला असो, की बँडमधले संबंध विकोपाला गेलेले असोत, अल्बम उभा राहतो. जिथे हे निर्णय मागे राहिलेल्यांना घ्यावे लागले, तिथे उत्तम गाणी मिळतात, पण अल्बम क्वचितच मिळतो. मृत्यू, फूट किंवा निवृत्ती या अल्बमबाहेरच्या घटना आहेत. त्यांचा परिणाम ऐकणाऱ्यावर होतो हे खरे, परंतु त्या फितीवर मुद्रित झालेल्या नसतात.

आता ‘शेवटचा’ कोणाला म्हणायचे, हेच पुष्कळदा वादाचे असते, आणि त्यासाठी बीटल्सइतके बोलके उदाहरण नाही. प्रकाशनाची तारीख पाहिली तर त्यांचा शेवटचा अल्बम ‘लेट इट बी’, मे १९७०चा. पण त्यातले बहुतेक ध्वनिमुद्रण जानेवारी १९६९चे आहे, आणि ‘ॲबी रोड’ त्यानंतर मुद्रित होऊन सप्टेंबर १९६९मध्ये बाहेर आला. जानेवारीतल्या फितींचे काय करायचे, यावर चौघांचे एकमत होईना. ग्लिन जॉन्स या ध्वनिमुद्रकाने त्यांतून दोनदा अल्बम बांधून दिला आणि दोन्ही वेळा तो नाकारला गेला. अखेर काम फिल स्पेक्टर या निर्मात्याकडे गेले. त्याने १ एप्रिल १९७० रोजी ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’वर मोठा वाद्यवृंद आणि समूहस्वर चढवले, आणि ज्याचे ते गाणे होते त्या मॅकार्टनीला याबद्दल विचारलेही गेले नाही. गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तरी मॅकार्टनीची तक्रार कायम राहिली, आणि २००३ साली ती वाद्यसजावट उतरवून ठेवलेली ‘लेट इट बी... नेकेड’ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. एकाच अल्बमच्या एवढ्या आवृत्त्या होतात याचा अर्थ इतकाच की, ज्यांचा तो अल्बम होता त्यांनी तो पुरा केला नव्हता.

‘ॲबी रोड’ची गोष्ट उलटी आहे. संबंध तेव्हाही ताणलेले होते, किंबहुना अल्बम दुकानात येण्याच्या काही दिवस आधीच लेननने आपण बँड सोडत असल्याचे बाकीच्यांना सांगितले होते. तरीही २० ऑगस्ट १९६९ रोजी चौघेही स्टुडिओत हजर होते. चौघे एकत्र स्टुडिओत आल्याचा हा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशीच्या कामात गाण्यांचा क्रम लावणे होते, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. रेकॉर्डची पहिली बाजू ‘आय वाँट यू’ या जवळजवळ आठ मिनिटांच्या गाण्याने संपते. शेवटची काही मिनिटे एकच गिटारची आकृती पुन्हा पुन्हा येत राहते, तिच्यामागे मूग सिंथेसायझरचा वाऱ्यासारखा आवाज वाढत जातो, आणि कोणत्याही समेवर न येता गाणे मध्येच थांबते. लेननने ध्वनिमुद्रकाला तिथेच फीत कापायला सांगितले होते. आज संगणकावर असा छेद देणे हा एका बोटाचा खेळ आहे. त्या वेळी मास्टर फितीवर पाते चालवायचे होते, आणि काही मिनिटे वाढत गेलेला ताण कोणत्या क्षणी तोडायचा, हे कानाने ठरवायचे होते.

दुसऱ्या बाजूला अपुऱ्या राहिलेल्या छोट्या गाण्यांची एक सलग माळ आहे. तिच्या अखेरीस ‘द एंड’मध्ये रिंगो स्टारचे एकट्याचे ड्रमवादन येते, आणि मग मॅकार्टनी, हॅरिसन आणि लेनन या क्रमाने तिघे गिटारवर दोन-दोन मात्राखंड वाजवतात, अशा तीन फेऱ्या होतात. डोळे मिटून ऐकले तर तीन माणसांचे तीन स्वभाव स्वच्छ ओळखू येतात. यानंतर शांतता, आणि मग अचानक ‘हर मॅजेस्टी’ हे अर्ध्या मिनिटाहूनही लहान गाणे. हे गाणे मुळात माळेच्या मध्ये होते. मॅकार्टनीला ते तिथे खटकले आणि त्याने ते काढायला सांगितले. जॉन कर्लँडर या टेप ऑपरेटरला बीटल्सचे काहीही फेकायचे नाही अशी ताकीद होती, म्हणून त्याने मध्ये कोरी फीत जोडून ते शेवटी लावून ठेवले. ऐकल्यावर मॅकार्टनीला ते तिथेच आवडले. म्हणूनच त्या गाण्याच्या आरंभी ऐकू येणारा दणदणीत सूर आधीच्या ‘मीन मिस्टर मस्टर्ड’चा आहे आणि त्याचा स्वतःचा शेवटचा सूर मात्र अल्बमवर नाही. योगायोगाने घडलेली गोष्ट ऐकून, पारखून, ठेवायची की नाही हे ठरवणे हादेखील कलाकाराचाच निर्णय असतो.

विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे आपण दुःख अल्बमवर लादतो का, याचे उत्तर बऱ्याच अंशी ‘होय’ असे आहे. जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा ‘क्लोजर’ जुलै १९८०मध्ये आला, आणि त्याचा गायक इयन कर्टिस १८ मे रोजी गेला होता. मुखपृष्ठावर इटलीतल्या जेनोआ शहराच्या दफनभूमीतील एका कुटुंबाच्या समाधीचे छायाचित्र आहे, आणि ते पाहून कोणालाही वाटेल की मृत्यूनंतर मुद्दाम निवडले असावे. प्रत्यक्षात ते आधीच निवडलेले होते. निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराचा ‘पिंक मून’ हे त्याहून स्पष्ट उदाहरण आहे. १९७२चा हा जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा अल्बम ‘निरोपाचे गाणे’ म्हणून सांगितला जातो, पण ड्रेक त्यानंतर अडीच वर्षांहून अधिक जगला आणि १९७४मध्ये त्याने आणखी काही गाणीही मुद्रित केली. आधीच्या दोन अल्बमांवर तंतुवाद्यांची आणि साथीदारांची रेलचेल होती. तिसऱ्या वेळी त्याने जॉन वुड या ध्वनिमुद्रकाला घेऊन, लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत, दोन रात्रींत केवळ गिटार आणि गळा एवढ्यावर अकरा गाणी संपवली. नंतर चढवलेले वाद्य म्हणजे शीर्षकगीतातला थोडासा पियानो, बाकी काही नाही. ही काटकसर मृत्यूची चाहूल नव्हती. ती एका पंचविशीही न ओलांडलेल्या मुलाने पूर्ण भानावर राहून घेतलेली सौंदर्यदृष्टीची भूमिका होती, आणि तिला तसा मान द्यायला हवा.

डेव्हिड बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’बद्दल सर्वांत अधिक लिहिले गेले आहे. ८ जानेवारी २०१६ रोजी, त्याच्या एकोणसत्तराव्या वाढदिवशी, अल्बम आला आणि दोन दिवसांनी तो यकृताच्या कर्करोगाने गेला. ही जुळणी इतकी विलक्षण आहे की सगळा अल्बम आखून केलेला निरोप वाटतो. काही गाण्यांपुरते ते बरोबरही आहे. पण कामाची कागदपत्रे काढल्यासारखे क्रमाने पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे आणि मला अधिक आवडणारे आहे. त्यातली दोन गाणी २०१४मध्येच वेगळ्या रूपात प्रसिद्ध झाली होती आणि बोवीने ती नव्या वादकांसह पुन्हा मुद्रित केली. ते वादक कोण, तर न्यूयॉर्कमधल्या एका लहानशा बारमध्ये ऐकलेला डॉनी मॅकास्लिन या सॅक्सोफोनवादकाचा जॅझ संच. रॉकच्या ठरलेल्या साथीदारांना बाजूला ठेवून, आजारपणात, अनोळखी जॅझ वादकांपुढे उभे राहणे ही सोपी गोष्ट नाही. निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी याने नंतर सांगितले की बोवीच्या डोक्यात पुढच्या अल्बमचेही विचार होते आणि काही नव्या गाण्यांचे कच्चे मुद्रण त्याने केले होते. म्हणजे काम करणारा माणूस शेवटच्या अल्बमवर काम करत नव्हता, पुढच्या अल्बमवर करत होता.

‘ब्लॅकस्टार’मध्ये माझ्या विद्यार्थ्यांना मी नेहमी त्या संचातल्या मार्क गिलियानाचे ड्रम ऐकायला सांगतो. शीर्षकगीत दहा मिनिटांचे आहे आणि ते दोन निराळी गाणी जोडून झालेले आहे. पहिल्या भागातली तुटक, अस्वस्थ लय विरते, मधल्या भागात गाणे मोकळ्या, संथ चालीत उतरते आणि पुन्हा पहिल्या सुरावटीकडे परतते, तेव्हा तिथे मागची लय बदललेली असते. शेवटच्या गाण्यात हार्मोनिकाची जी सुरावट येते ती बोवीच्याच १९७७च्या ‘लो’ अल्बममधली आहे. स्वतःच्या जुन्या कामातली नेमकी कोणती ओळ, कोणत्या वाद्यावर, कोणत्या ठिकाणी आणायची, एवढी पकड त्याच्या हातात शेवटपर्यंत होती.

त्याच वर्षी, २१ ऑक्टोबर २०१६ रोजी, लेनर्ड कोहेनचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’ आला आणि ७ नोव्हेंबरला तो गेला, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी. मणक्याच्या दुखण्यामुळे त्याला स्टुडिओत जाणे शक्य नव्हते, म्हणून लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घरीच, दिवाणखान्यात, आधाराच्या खुर्चीवर बसवून मुलगा ॲडम याने त्याचा आवाज मुद्रित केला. इथे तंत्राचा एक मुद्दा सांगणे आवश्यक आहे. एका दिशेने ऐकणारा मायक्रोफोन ओठांच्या जितका जवळ येतो, तितका आवाजातला खर्ज फुगतो. तरुण, भरदार गळ्याला हे मारक ठरते, आणि आम्ही गायकाला मागे सरकायला सांगतो. पण ज्याच्याकडे कुजबुजीएवढाच श्वास उरला आहे त्याला जवळ बसवावेच लागते, आणि मग जिभेचा, ओठांचा, श्वास आत घेण्याचा प्रत्येक बारीक आवाज मुद्रित होतो. असे आवाज पुसून टाकण्याची सवय आमच्या क्षेत्रात फार आहे. या अल्बमवर ते राहू दिले आहेत, आणि त्यांच्या भोवतीची वाद्ये इतकी विरळ ठेवली आहेत की आवाजाला झगडावे लागत नाही. उंच, भरलेले स्वर हवे होते तिथे कोहेनने माँट्रिअलमधल्या, आपल्या बालपणापासूनच्या सिनेगॉगचा पुरुष गायकवृंद घेतला. स्वतःला जे गाता येणार नव्हते ते दुसऱ्या आवाजावर सोपवून, स्वतः खाली, खर्जात राहायचे, ही रचना त्या प्रकृतीतूनच आली. मृत्यूनंतर ॲडमने उरलेल्या आवाजमुद्रणांवर वाद्ये बांधून २०१९मध्ये आणखी एक अल्बम काढला. तो प्रेमाने आणि जबाबदारीने केलेला आहे, तरीही मी त्याला कोहेनचा शेवटचा अल्बम म्हणत नाही.

जॉनी कॅशच्या बाबतीत हीच रेषा आणखी ठळक दिसते. निर्माता रिक रूबिन याच्याबरोबर १९९४पासून सुरू झालेल्या मालिकेतला चौथा अल्बम नोव्हेंबर २००२मध्ये आला. त्यातल्या ‘हर्ट’मध्ये पियानोचा एकच सूर ठोकत ठोकत इतका वाढवला आहे की अखेरीस सगळे ध्वनिमुद्रण फाटते की काय असे वाटते, आणि तो थकलेला गळा त्या गलक्यावर तरंगत राहतो. कॅशच्या हयातीत निघालेला या मालिकेतला हा शेवटचा अल्बम. मे २००३मध्ये पत्नी जून कार्टर गेली, आणि त्यानंतर सप्टेंबरमध्ये स्वतः जाईपर्यंत, जमेल त्या दिवशी तो गात राहिला. त्या मुद्रणांवर रूबिनने निवडक वादकांकडून साथ बसवून २००६ आणि २०१०मध्ये आणखी दोन अल्बम काढले. पाचव्यातला आवाज चौथ्यातल्यापेक्षा कितीतरी अशक्त आहे, पण शब्द टाकण्याची वेळ जराही चुकत नाही. साथ मात्र फार अदबीने वागते. गायक समोर असता तर त्याने एखाद्या जागी वादकाला हटकले असते, एखादे गाणे उडवले असते. ती घासाघीस या दोन अल्बमांत नाही, आणि तिची उणीव मला जाणवते.

मागे राहिलेल्यांनी सर्वांत धाडसी निर्णय घेतला तो जॅनिस जॉप्लिन या अमेरिकी गायिकेच्या ‘पर्ल’मध्ये. ४ ऑक्टोबर १९७० रोजी ती गेली तेव्हा एका गाण्याची साथ मुद्रित झालेली होती, आवाज व्हायचा होता. ‘बरीड अलाइव्ह इन द ब्लूज’ नावाचे ते गाणे आवाजाशिवाय, तसेच, पहिल्या बाजूवर ठेवण्यात आले. दुसऱ्या बाजूवर तीन दिवस आधी तिने एकटीने, साथीविना, एकाच टेकमध्ये गायलेले ‘मर्सिडीज बेंझ’ आहे. दुसऱ्या गायिकेला आणून जागा भरता आली असती. निर्माता पॉल रॉथचाइल्ड याने ती रिकामी ठेवली, आणि म्हणून ‘पर्ल’ हा माझ्या नियमाला असलेला सन्माननीय अपवाद आहे.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो आहे, कारण हा पेच आमच्या टेबलावरही येतो. एका ज्येष्ठ भावगीत गायकांचा अल्बम माझ्याकडे चालू असताना ते गेले. त्यांच्या वहीत पेन्सिलीने गाण्यांचा क्रम लिहिलेला होता आणि एका गाण्याभोवती गोल करून शेजारी ‘परत’ असे लिहिले होते. घरच्यांची इच्छा होती की तेवढे सॉफ्टवेअरने सुरात आणून गाणे घ्यावे. आज ते सहज करता येते, आणि ऐकणाऱ्याला कळलेही नसते. मी त्यांना वही दाखवली आणि म्हटले, “दादांनी हे गाणे पास केलेले नाही.” अल्बम एका गाण्याने लहान निघाला, क्रम वहीतला राहिला, आणि घरच्यांनीही ते मान्य केले.

क्वीन या बँडबद्दल पुणेकरांना थोडी अधिक आपुलकी असते, कारण त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचे शालेय शिक्षण आपल्या जवळच्या पाचगणीत, सेंट पीटर्समध्ये झाले आणि त्याचा पहिला बँडही त्या शाळेतलाच. त्यांचा १९९१चा ‘इन्युएंडो’ हा मर्क्युरीच्या हयातीतला शेवटचा, आणि त्यातले ‘द शो मस्ट गो ऑन’ तो त्या प्रकृतीत गाऊ शकेल की नाही अशी शंका गिटारवादक ब्रायन मे याला होती. मर्क्युरीने ते पूर्ण ताकदीने गायले. नंतर माँट्रोच्या स्टुडिओत, जमेल तेवढे गाऊन ठेवतो, तुम्ही पुढे पुरे करा, अशा बोलीने त्याने काही गाणी मुद्रित केली आणि ती १९९५च्या ‘मेड इन हेवन’मध्ये आली. त्यातल्या ‘मदर लव्ह’चे शेवटचे कडवे गायला त्याला परत येता आले नाही, ते ब्रायन मे याने गायले आहे. जिथे आवाज बदलतो ती जागा एकदा कळली की ते गाणे पूर्वीसारखे ऐकता येत नाही, आणि इथे मी कबूल करतो की संगीत आणि चरित्र वेगळे काढणे माझ्याच्यानेही होत नाही.

अमेरिकी जॅझ गायिका बिली हॉलिडे हिचा ‘लेडी इन सॅटिन’ हा काटेकोरपणे शेवटचा नाही, कारण त्यानंतर मुद्रित झालेला एक अल्बम तिच्या मृत्यूनंतर १९५९मध्ये निघाला. पण या विषयात तो टाळता येत नाही. १९५८ साली, बेचाळिसाव्या वर्षी, तिच्या आवाजाचा पल्ला आक्रसलेला होता आणि कडा खरखरीत झाल्या होत्या. रे एलिसने बांधलेल्या तलम तंतुवाद्यांच्या साथीवर तो आवाज ठेवल्याने काहींना तो अल्बम अजूनही सहन होत नाही. माझ्या मते ज्यांना ठुमरी कळते त्यांना तो कळायला अडचण येऊ नये: शब्द तालाच्या किती मागे रेंगाळू द्यायचा आणि कुठे झटकन पुढे आणायचा, हे तिचे गणित अखेरपर्यंत शाबूत आहे, आणि गाणे त्या गणितावरच उभे आहे.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर राहुल देव बर्मन यांचे. ४ जानेवारी १९९४ रोजी ते गेले आणि ‘१९४२: अ लव्ह स्टोरी’ त्यानंतर काही महिन्यांनी प्रदर्शित झाला. त्यांच्या नावावरचे इतर काही चित्रपट पुढेही आले, तरी शेवटचे पुरे काम म्हणून लोक यालाच ओळखतात आणि ते योग्यच आहे. ज्यांची ओळख ठेक्याच्या आणि नवनव्या ध्वनींच्या प्रयोगांनी झाली होती, त्यांनी, काम मिळेनासे झालेल्या काळानंतर, इतका मोकळा, हवेशीर वाद्यमेळ रचला, हा निर्णय मला आजही थक्क करतो. ‘एक लडकी को देखा’ हे तर एकामागून एक उपमांची यादी आहे. चाल एकाच वळणाभोवती फिरत राहते, आणि तरीही ती कंटाळवाणी होत नाही, कारण ओळींमधल्या जागा वाद्यांनी भरून टाकलेल्या नाहीत.

शास्त्रीय गायनाला ही कसोटी सरळ लावता येत नाही. पुण्यात कोणी विचारलेच तर अमुक बुवांचे सवाईतले अखेरचे गाणे कोणते, असे विचारील. शेवटचा अल्बम कोणता, असे नाही. रेकॉर्ड कंपनीने काय काढले आणि मैफलीचे कोणते ध्वनिमुद्रण कधी बाहेर आले, यावर तो क्रम ठरतो, गायकाच्या मनावर नाही. अलूरकर म्युझिक हाऊससारख्या पुण्यातल्या प्रकाशकाने काढलेल्या कॅसेटमुळे मोठा ठेवा जपला गेला, पण तो निराळा विषय आहे.

ऐकायला सुरुवात कशी करावी, याबद्दल एक प्रत्यक्ष सूचना करतो. ‘द लाँग अँड वाइंडिंग रोड’ तीन ठिकाणी ऐकावे. ‘लेट इट बी’वर स्पेक्टरची सजावट आहे. १९९६च्या ‘अँथॉलॉजी ३’वर २६ जानेवारी १९६९चा तोच टेक त्या सजावटीविना आहे. ‘नेकेड’वर मात्र ३१ जानेवारीचा निराळा टेक आहे, म्हणून सजावटीचा परिणाम तपासायचा असेल तर तुलना पहिल्या दोन्हींची करावी, तिसऱ्याशी नव्हे. हेडफोन लावून, दोन्ही एकामागून एक, गायकाच्या आवाजाकडे लक्ष न देता फक्त पियानो कुठे दबतो आणि कुठे मोकळा होतो हे कागदावर टिपावे, आणि मग त्याच कानाने ‘ॲबी रोड’ची दुसरी बाजू न थांबता लावावी.